पऱ्हाटी, कुट्टीयंत्र आणि चूल

मार्च २०२५ मध्ये खुलताबादचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले ते एका कबरीमुळे. १७०७ साली निधन पावलेल्या बादशहाची कबर राखावी की उखडावी या वादात नागपुरात दंगल उसळली, खुलताबादेत पोलिसांचा बंदोबस्त लागला आणि काही आठवडे अनेक पुढाऱ्यांना दुसरा विषयच उरला नाही. त्या गदारोळात बाजार सावंगीच्या, गल्ले बोरगावच्या किंवा वेरूळच्या शेतकऱ्याच्या बांधावर काय पडून आहे याची चौकशी करण्यास कोणाला सवड झाली नाही. बांधावर पडून असते ती कपाशीची वेचणी संपल्यावर उरलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, मोसंबी-पेरूच्या छाटणीच्या फांद्या आणि बाभळीच्या काटेरी शिऱ्या. यांचे काय करावयाचे हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासेल. परंतु ट्रॅक्टरवर चालणारे, फांद्यांचे तुकडे करणारे यंत्र आता शेतकरी गटांपर्यंत आणि कृषी प्रदर्शनांपर्यंत येऊन ठेपले आहे, आणि ते कोणते घ्यावे, कोणी घ्यावे, हे ठरविताना गावातील कोणाचा हात धोक्यात जाणार आणि कोणाची चूल विझणार हेही त्याच वेळी ठरत असते. यंत्राच्या विक्रेत्याला याची गरज वाटत नाही. कार्यकर्त्याला वाटली पाहिजे.

या काडीकचऱ्याचा जुना निकाल आगपेटीने लावला जाई, आणि आजही बऱ्याच ठिकाणी तसाच लागतो. पुढील पिकासाठी रान मोकळे करण्याची घाई, मजुरीचा बोजा आणि बैलांची कमी झालेली संख्या या तिन्हींमुळे पेटविणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मराठवाड्याच्या हलक्या, मुरमाड जमिनींना सेंद्रिय द्रव्याची भूक कायमची. त्यांच्याच वाट्याचे अन्न असे बांधावर जळून जाते. न पेटविता पऱ्हाटी तशीच रचून ठेवावी, तर दुसरे संकट उभे राहते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीची जी दाणादाण उडविली, तिच्यानंतर कृषी खात्याचा आणि कृषी विद्यापीठांचा एकच घोष चालू आहे: फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाट्यांच्या गंजी शेतात किंवा घराशेजारी साठवू नका. कारण न उमललेल्या, किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि नव्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे जाळू नये आणि रचूनही ठेवू नये. मग बारीक तुकडे करणे हा एकच मार्ग उरतो आणि त्या मार्गावर यंत्र उभे असते. यंत्राला विरोध करण्याचे येथे काहीच कारण नाही.

प्रश्न निवडीचा आहे. विक्रेता शेतकऱ्यापुढे तीन आकडे ठेवतो: किंमत, अनुदान आणि किती इंच जाडीची फांदी गिळली जाईल. यांतला तिसरा आकडा सर्वांत फसवा. माहितीपत्रकात छापलेली जाडी ही बहुधा ओल्या, सरळ, मऊ लाकडाची असते. वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंडाची धाकटी बहीण. तिच्यासमोर तोच आकडा निम्म्यावर यावा यात नवल नाही. अश्वशक्तीचेही तसेच. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मागच्या पीटीओ दांड्यावर ती सर्व शक्ती पोहोचवीत नाही. हाती लागते ती साधारण ३८. त्याहून मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनविलेले यंत्र गावातल्या ट्रॅक्टरला जोडले, तर पहिल्या जाड फांदीला इंजिन दबते, फांदी अडकते, आणि अडकलेली फांदी हाताने ओढून काढण्याचा मोह होतो. अपघाताची सुरुवात अनेकदा येथे, म्हणजे खरेदीच्या पावतीवरच, झालेली असते.

यंत्रांच्या जाती मुख्यतः तीन. एकात जड चकतीवर पाती बसविलेली असतात. ते स्वच्छ फांद्यांच्या एकसारख्या ढलप्या काढते आणि त्यामानाने शक्ती कमी खाते. दुसऱ्यात पाती दंडगोलावर असतात; वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या फांद्यांचा भारा ते अधिक सहज ओढून घेते, पण ट्रॅक्टरही त्याला तसाच दमदार लागतो. तिसऱ्यात पात्यांऐवजी झुलते हातोडे असतात. ते कापत नाही, ठेचते. शेतकऱ्याने स्वतःला विचारावयाचे ते एवढेच की, आपल्याकडे खरोखर काय पडून आहे? मोसंबी-पेरूच्या बागेची छाटणी असेल तर पात्यांचे यंत्र योग्य. पण खुलताबाद तालुक्यातील मोठा ढीग हा पऱ्हाटीचा असतो, आणि मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीबरोबर माती येते, मातीबरोबर खडे येतात. धारदार पाती अशा मालावर पाहता पाहता बोथट होतात. शिवाय पऱ्हाटीची साल चिवट, धाग्यासारखी. ती फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. तेथे हातोड्यांचे यंत्र अधिक टिकते, जरी त्याचा चुरा दिसायला ओबडधोबड असला तरी. पात्यांना धार कोठे लावावयाची, सुटा भाग खुलताबादेत मिळतो की त्यासाठी थेट छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, हे प्रश्न अनुदानाच्या टक्केवारीपेक्षा मोलाचे आहेत. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. पंधरा दिवस यंत्र पात्यांवाचून पडून राहिले की आगपेटी पुन्हा निघते.

याखेरीज एक चौथा प्रकार आहे. उभ्या पऱ्हाटीवरून ट्रॅक्टर फिरवून जागच्या जागी तिचा भुगा करणारे, शेतकरी ज्याला नुसते श्रेडर म्हणतात ते यंत्र. यात हाताने काही भरवावे लागत नाही, उपटणीची मजुरी वाचते आणि किडकी बोंडेही चिरडली जातात. निव्वळ शेतकऱ्याच्या हिशेबाने आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर सलग कपाशीसाठी हेच उत्तम, हे मान्य केले पाहिजे. परंतु या यंत्रामागे शेतात एक काडीही उरत नाही. ती काडी कोणाची होती, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

त्याआधी हाताचा विचार. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पदराचे टोक दोन-तीन वेळा गुंडाळलेले असते. यंत्रात फांदी भरविण्याचे काम अनेक शिवारांत बाईवर येते, कारण तिची मजुरी कमी. आणि साडीचा पदर, डोक्याला बांधलेला रुमाल, हातातल्या बांगड्या हे सारे त्या दांड्याच्या आवाक्यात असते. ट्रॅक्टर बंद केला तरी जड चकती कितीतरी वेळ स्वतःच्या वेगानेच फिरत राहते; ती थांबली असे समजून झाकण उघडणे हा ठरलेला घात. मळणीयंत्रांनी या देशात इतके हात तोडले की, संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा करावा लागला. असे यंत्र चालविताना मृत्यू किंवा इजा झालेल्या मजुरासाठी भरपाईची तरतूद त्या कायद्यात आहे. परंतु कायदा लागू होतो तो सरकारने अधिसूचनेने धोकादायक ठरविलेल्या यंत्रांना, आणि त्याची पहिली आठवण अपघातानंतर होते, तीही झाली तर. कडबाकुट्टीत बोटे गमावलेली माणसे मराठवाड्यात नवलाची नाहीत. फांद्यांचे यंत्र हे कडबाकुट्टीचे थोरले भावंड आहे, इतके सांगितले की गावात पुढचे समजते.

म्हणून निवडीचा पहिला निकष किंमत नसून यंत्राचे तोंड असले पाहिजे. भरणीचे नाळके लांब असावे, इतके की पूर्ण हात आत घातला तरी पात्यापर्यंत पोहोचू नये. ओढून घेणारे रूळ असावेत आणि त्यांना उलटे फिरविणारी आडवी दांडी नाळक्याच्या तोंडाशी, कमरेच्या उंचीवर असावी, म्हणजे ओढली जाणारी बाई नुसती अंगाने रेटली तरी रूळ थांबतील. वेग कमी झाला की रूळ आपोआप थांबविणारी योजना असल्यास इंजिनही वाचते आणि माणूसही. पीटीओच्या दांड्यावर पूर्ण लांबीचे, न फिरणारे आवरण हवे. या गोष्टींनी किंमत वाढते यात संशय नाही. अनुदानाची कमाल मर्यादा ठरलेली असल्यामुळे कारखानदार किंमत त्या मर्यादेत बसवू पाहतो, आणि अशा वेळी सर्वांत आधी गळते ते आवरण आणि ती दांडी. चकचकीत रंग मात्र गळत नाही. ज्या यंत्राला उलटी दांडी नाही ते यंत्र अर्ध्या किमतीत मिळाले तरी गटाने नाकारावे. येथे तडजोडीला जागा नाही.

आता चुलीकडे वळावयास हरकत नाही. कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्यात वेचणी संपली की भूमिहीन घरांतील बाया शेतकऱ्याच्या रानात पऱ्हाट्या उपटतात आणि मजुरीऐवजी, किंवा थोड्या मजुरीबरोबर, त्या मोळ्या बांधून घरी नेतात. हा करार कोणत्याही कागदावर नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, बाजार समितीत त्याचा भाव निघत नाही. तरी वर्षाचे कित्येक महिने भाकरी भाजली जाते ती या कराराच्या जोरावर. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी असंख्य झोपड्यांत पोहोचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेगडी एकदाच मिळते, टाकी मात्र पुनःपुन्हा भरावी लागते. आणि ज्या घरात आठवड्याच्या मजुरीवर आठवड्याचा किराणा येतो तेथे टाकी सणावारासाठी राखून रोजची भाकरी चुलीवरच होते.

पूर्वी पऱ्हाटी निरुपयोगी होती, म्हणूनच ती गरिबाची होती. आता तिला भाव येऊ लागला आहे. तिच्यापासून दाबलेल्या ठोकळ्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात आणि कारखान्यांच्या बॉयलरांत तो जळतो. खुलताबादपासून वाळूजची औद्योगिक वसाहत काही दूर नाही. केंद्रीय वीज मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैविक इंधन मिसळण्याचे धोरण घालून दिले. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुशापासून फळ्या बनविण्याची पद्धत कितीतरी आधीच बसविली आहे. शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक पडावेत याला कोण नाही म्हणेल? कपाशीचा खर्च भागत नाही असे ओरडून सांगणाऱ्या शेतकऱ्याला काडीचेही पैसे मिळत असतील तर ते त्याला मिळालेच पाहिजेत. परंतु ठेकेदार ट्रॅक्टर आणि यंत्र घेऊन शिवारात शिरतो, तेव्हा तो एका दिवसात पाच-पंचवीस घरांचे वर्षाचे सरपण ट्रॉलीत भरून नेतो, आणि शेतकऱ्याला जे देतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वाळूजच्या फाटकाशी कमावतो. बाईचा जुना करार मोडला हे तेथे कोणाच्या गावीही नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. चुलीच्या धुराचे गोडवे गाण्यात पुरोगामित्व नाही. डोक्यावर मोळी, डोळ्यांत धूर आणि छातीत खोकला ही काही जपून ठेवावयाची संस्कृती नव्हे; सरपण हक्क म्हणून टिकवा म्हणणारा पुरुष कार्यकर्ता बहुधा स्वतःच्या घरी गॅसवर केलेला चहा पिऊन आलेला असतो. म्हणून मागणी चूल टिकविण्याची असता कामा नये. मागणी अशी असावी की, पऱ्हाटीवर ज्या घरांचा वापराने हक्क बसला आहे त्यांना तिच्या मोलात वाटा मिळावा. मग तो वाटा त्यांनी काडीच्या रूपाने घ्यावा, ढलप्यांच्या रूपाने सुधारित चुलीत जाळावा, की रोख घेऊन टाकी भरावी, हे त्या बाईने ठरवावे. हक्क आधी मान्य झाला तर धूर जाण्याचा मार्ग तिला निवडता येईल. हक्क न मानता काडी नेली, तर ती उद्या वेडी बाभूळ तोडायला आणखी दोन कोस चालेल आणि धूर तोच राहील.

येथे मालकीचा प्रश्न आपोआप येतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात लहान, सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अवजारांवर सामान्यतः ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान असते. गटांसाठी अवजारे बँकेची तरतूद आहे. कागदावर हे सारे गोजिरवाणे आहे. पण अर्जाला सातबारा लागतो. म्हणजे ज्या बाईच्या हाताला यंत्राचा धोका आणि जिच्या चुलीला यंत्राची झळ, तिला वैयक्तिक अर्ज करण्याचीही पात्रता नाही. ट्रॅक्टर असलेला बागायतदार अनुदान घेतो, यंत्र भाड्याने फिरवतो आणि गावात त्याची वट वाढते. हा मार्ग इतका वहिवाटीचा झाला आहे की त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता: थोड्या भांडवलाचे, विजेवर किंवा तेलावर चालणारे, सामान्य माणसाच्या आवाक्यातले. त्या विचाराचा आज नुसता उद्घोष करून भागणार नाही, कारण लहान यंत्रही हात तोडते आणि लहान यंत्राचाही एखादा मालक गावाचा सावकार होऊन बसतो. खुलताबादसारख्या तालुक्यात, जेथे शेते तुकड्यांची आणि पाणंद रस्ते अरुंद, मोठे अवजड यंत्र बांधापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मध्यम यंत्र हेच शहाणपणाचे. पण ते महिला बचत गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर असावे, त्या कंपनीच्या व्यवहारात मजूर बायांना भाड्यातील हिस्सा लेखी असावा, आणि यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकीचा अपघात विमा यंत्राच्या हप्त्याबरोबरच भरला जावा. ट्रॅक्टर भाड्याने घेता येतो. तो प्रत्येक गावात अधिक आहेत तितकेच आहेत. यंत्र मात्र गटाचे हवे.

निघालेल्या ढलप्यांचे काय करावे याबाबत शेतकऱ्याचाही लाभ विकण्यातच आहे असे समजणे घाईचे होईल. खुलताबाद, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात अद्रकाचे पीक मोठे आहे, आणि अद्रकाच्या गादीवाफ्याला आच्छादन लागते. भुगा वाफ्यावर पसरला तर ओल टिकते, तण दबते, उन्हाचा मारा कमी होतो. मात्र ताजा लाकडी भुगा मातीत कालवू नये. तो कुजविण्यासाठी सूक्ष्म जीव जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. मग शेतकरी यंत्राला शिव्या देतो. एकतर तो वरच राहू द्यावा, किंवा शेणकाला घालून पावसाळाभर कुजवावा. वाळवीचा उपद्रव असलेल्या रानात कुजवूनच वापरावा. किडकी बोंडे असलेली पऱ्हाटी तर कुजविल्यावाचून दुसरीकडे नेऊच नये. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर यांनी आयुष्यभर सांगितले ते हेच की, शेतातील पालापाचोळा आणि काडी ही शेतकऱ्याची खरी पुंजी आहे. जी काडी वाळूजच्या बॉयलरात गेली तिच्याबरोबर तिने जमिनीतून उचललेले द्रव्यही गेले, आणि ते परत आणण्यासाठी खताची गोणी विकत घ्यावी लागते. ठेकेदाराच्या भावात ही वजाबाकी कोणी मांडत नाही.

एक धोका मात्र यंत्राने नव्याने निर्माण केला आहे. फांद्यांना भाव आला की छाटणी आणि तोड यांतील सीमारेषा पुसट होते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, चिंच, मोह अशा झाडांना परवानगीवाचून हात लावता येत नाही, पण बांधावरची बाभूळ, लिंब आणि पाणंदीतले झाड यांचा वाली गावाखेरीज कोणी नाही. यंत्र भाड्याने देणाऱ्या गटाने बुंधा घेणार नाही, फक्त छाटणी घेणार, असा नियम पहिल्याच दिवशी लिहून काढावा; नंतर तो लिहिता येत नाही, कारण तोवर नियम मोडणारे गिऱ्हाईकच सर्वांत मोठे झालेले असते.

गटापुढे विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा तो बहुधा ओल्या सुबाभळीच्या सरळ फांद्या बरोबर आणील. त्या बाजूला ठेवाव्यात. त्याला वाळलेली बाभळीची शिरी द्यावी, मुळाशी माती असलेली पऱ्हाटीची मोळी द्यावी, गावातलाच ट्रॅक्टर जोडावयास लावावा, आणि रूळ चालू असताना उलटी दांडी किती वेळात काम करते ते भरणी करणाऱ्या बायांनी स्वतः दाबून पाहावे. खरेदीच्या ठरावावर त्यांच्या सह्या असाव्यात. पऱ्हाटीवरील वाट्याचा आणि बुंधा न घेण्याचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आला पाहिजे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत थांबले, तर वेचणी संपून ठेकेदाराची ट्रॉली वाळूजला जाऊन आलेली असेल.